काचेला काच जोडणारा पारदर्शक गोंद

मोबाईलची फुटलेली काच बदलणे, दुर्बिणीची भिंगे जोडणे अशा कामांत मजुरी थोडी आणि जोखीम मोठी असते. गोंद फसला, की गिऱ्हाईकाच्या महागड्या स्क्रीनचा भुर्दंड कारागिरालाच पडतो. म्हणून या गोंदाचे शास्त्र आपण थोडक्यात समजून घेऊ.

काच आणि हवा जिथे भेटतात, तिथे सुमारे 4 टक्के प्रकाश मागे फिरतो. दोन काचांमध्ये हवेची फट राहिली, तर हे नुकसान दुप्पट होते व चित्र फिके दिसते. साध्या काचेचा अपवर्तनांक सुमारे 1.52 आहे. त्याच्या जवळपासचा, समजा 1.50 अपवर्तनांकाचा गोंद फटीत भरला, की हे परावर्तन जवळजवळ नाहीसे होते. पूर्वी भिंगांसाठी कॅनडा बाल्सम ही झाडाची राळ वापरीत. ती उष्णतेने मऊ पडे, म्हणून तिची जागा कृत्रिम पॉलिमरांनी घेतली.

एकाच पॉलिमरमध्ये घट्ट पकड, लवचिकपणा व टिकाऊपणा हे सारे गुण क्वचितच मिळतात. म्हणून दोन-तीन पॉलिमरांचे मिश्रण करतात. खरी अडचण येथेच आहे. अॅक्रिलिक (1.49) आणि पॉलिस्टायरीन (1.59) हे दोन्ही वेगवेगळे असताना स्वच्छ पारदर्शक असतात, पण एकत्र केले की मिश्रण दुधाळ होते. कारण ते एकजीव होत नाहीत. एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात तरंगत राहतात आणि प्रकाश विखुरतात. दूध पांढरे दिसते तेही अशाच कारणाने. यावर उपाय दोन: थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा (400 ते 700 नॅनोमीटर) पुष्कळच लहान ठेवणे, किंवा दोन्ही घटकांचे अपवर्तनांक जुळवणे.

आता कामाच्या गोष्टी. द्रवरूप गोंद बहुधा 365 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली घट्ट होतो. पॉलिकार्बोनेट हे किरण अडवते, त्यामुळे त्याच्या आड गोंद कच्चा राहू शकतो. हवेतील प्राणवायूमुळे कडेचा गोंद चिकट राहतो. कच्च्या गोंदाने त्वचेला अॅलर्जी होते; तेव्हा हातमोजे व अतिनील किरण रोखणारा चष्मा वापरावा.

नवा माल घेतला, की आधी रद्दी काचेच्या दोन तुकड्यांत एक थेंब जोडून पाहावा आणि तो काही दिवस उन्हात व दमट जागी ठेवावा. पिवळेपणा, धूसरपणा किंवा बुडबुडे दिसले, तर तो माल गिऱ्हाईकाच्या कामाला लावू नये. एका थेंबाच्या खर्चात मोठे नुकसान टळते.