गायीचा ढेकर आणि दुधाचा पेला

२०२४ च्या डिसेंबरच्या सुरुवातीस ब्रिटनमध्ये एक चमत्कारिक प्रकार घडला. लोक घरातले चांगले ताजे दूध मोरीत, कोणी तर संडासात ओतू लागले आणि त्याचे चित्रीकरण करून एकमेकांना पाठवू लागले. दूध नासलेले नव्हते, भेसळीचेही नव्हते. आर्ला या मोठ्या दूध सहकारी संस्थेने २६ नोव्हेंबरला एक घोषणा केली होती, तेवढे निमित्त झाले. मॉरिसन्स, टेस्को आणि आल्डी या दुकानांच्या साहाय्याने सुमारे ३० गोठ्यांतील गायींच्या खाद्यात 'बोव्हेर' नावाचा एक पूरक पदार्थ मिसळून पाहिला जाणार होता. गायींच्या पोटातून बाहेर पडणारा मिथेन वायू त्यामुळे कमी होतो.

दूध ओतून देणाऱ्यांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. ज्या दुधावर मूल वाढते त्या दुधाची गाय काय खाते, हे विचारणारी आई शहाणीच म्हटली पाहिजे. जनावराने उग्र वासाचा पाला खाल्ला की दुधालाही वास येतो, हे गवळ्याकडून दूध घेणाऱ्यांना ठाऊक असते. खाल्लेले काही वेळा दुधात उतरते, ही समजूत खोटी नाही. प्रश्न असा, की हे विशिष्ट रसायन दुधात उतरते का? उत्तर शोधण्यासाठी गायीच्या पोटात शिरावे लागेल.

गायीच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे कोटीपोट, ज्याला रूमेन असेही म्हणतात. मोठ्या गायीच्या कोटीपोटात शंभर लिटरहून अधिक माल सहज मावतो. ही खरे तर एक आंबवण्याची टाकीच आहे. कडब्यातला सेल्युलोज पचवणारे विकर गायीच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाही. ते काम या टाकीतले जीवाणू, आदिजीव आणि कवके करतात. त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर गाय जगते. मात्र या आंबवण्यात हायड्रोजन वायूही सुटतो आणि तो साचत गेला तर पुढचे आंबवणे मंदावते. त्याचा निचरा करण्याचे काम आर्किया या गटातले सूक्ष्मजीव करतात. हायड्रोजनचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू घेऊन ते मिथेनचा एक रेणू आणि पाण्याचे दोन रेणू बनवतात. गोबरगॅसच्या टाकीतही याच गटातले जीव काम करतात. तिथे आपण त्यांचे आभार मानतो. गायीच्या पोटात मात्र त्यांचा उपद्रव वाटतो.

हा मिथेन जवळजवळ सगळा ढेकरांवाटे, तोंडातून बाहेर पडतो. (मागच्या बाजूने, असे विद्यार्थी हमखास सांगतात. तो वाटा अगदी थोडा आहे.) युरोपातली एक दुभती गाय दिवसाला साधारण ४०० ग्रॅम मिथेन सोडते. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. पण तो हवेत फक्त बारा-एक वर्षे टिकतो. म्हणजे आज मिथेन कमी केला तर त्याचा परिणाम आपल्या हयातीतच दिसेल. मानवी व्यवहारांतून निघणाऱ्या मिथेनपैकी जवळजवळ एक तृतीयांश पशुपालनातून येतो. त्यामुळे शास्त्रज्ञांचे लक्ष गायीच्या ढेकराकडे गेले, यात नवल नाही.

बोव्हेरमधला क्रियाशील पदार्थ म्हणजे ३-नायट्रॉक्सिप्रोपेनॉल. हा एक लहानसा रेणू आहे. आर्कियांच्या मिथेननिर्मितीची शेवटची पायरी ज्या विकरामुळे घडते, त्याच्या गाभ्यात निकेलचा एक अणू असतो आणि तो एका ठरावीक अवस्थेत असला तरच विकर चालते. नेहमी त्या जागी येऊन बसणाऱ्या रेणूशी या पूरकाच्या रेणूचे साम्य आहे. तो त्याच खाचेत जाऊन बसतो, निकेलचे ऑक्सिडीकरण करतो आणि विकर बंद पाडतो. कुलपात दुसरीच किल्ली घालून मोडावी, तसे हे होते. मोडणाऱ्या किल्लीचे पुढे काय होते, हे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. या क्रियेत पूरकाचा रेणूही फुटतो आणि त्यातून नायट्रेट, नायट्राइट आणि प्रोपेनडायॉल हे साधे पदार्थ उरतात. जो भाग फुटण्याआधी रक्तात जातो, त्याचे यकृतात विघटन होते आणि त्यातला कार्बन बहुतांशी कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे बाहेर पडतो.

वर्गात थोडे गणित करून पाहता येईल. गाय दिवसाला २० किलो कोरडा चारा आणि आंबोण खाते असे धरू. दर किलोमागे ६० मिलिग्रॅम पूरक घातले तर दिवसाला १.२ ग्रॅम होते. मिथेनमध्ये सुमारे ३० टक्के घट होते, म्हणजे ४०० ग्रॅममधले १२० ग्रॅम वाचतात. एक ग्रॅम पदार्थ शंभर ग्रॅम वायू अडवतो! गायीचे वजन ६०० किलो धरले तर तिला वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम पूरक मिळते, आणि तेही काही तासांत नाहीसे होते.

गोपालकाच्या दृष्टीने हे काही तासांत नाहीसे होणे हीच मोठी अडचण आहे. पूरक दिवसभर थोडे थोडे पोटात जायला हवे. म्हणून ते गोठ्यात बांधून मिश्र खाद्य खाणाऱ्या गायींनाच लागू पडते. दिवसभर कुरणात चरणाऱ्या गायीवर त्याचा प्रभाव टिकत नाही. पण जे रसायन गायीच्या पोटातच इतके अल्पायुषी आहे, ते दुधात येऊन साठण्याची शक्यताही तेवढीच कमी. गोपालकाला नडणारी गोष्ट दूध पिणाऱ्याला दिलासा देणारी आहे. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ५ डिसेंबर २०२४ रोजी खुलासा केला तोही याच आधारावर. गाय या पूरकाचे चयापचय करते, ते दुधात उतरत नाही आणि अशा गायींचे दूध पिण्यास सुरक्षित आहे, असे संस्थेने सांगितले. त्याआधी युरोपीय संघाने २०२२ साली आणि ब्रिटनने २०२३ च्या डिसेंबरमध्ये तपासणीनंतर या पूरकाला परवानगी दिली होती.

मग भीती आली कुठून? ती त्याच तपासणीच्या कागदपत्रांतून आली. हा पदार्थ डोळ्यांना इजा करतो, त्वचेला दाहक आहे, श्वासातून गेल्यास अपायकारक ठरू शकतो, असे त्यांत लिहिले आहे. मोठ्या मात्रा दिलेल्या प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये नरांच्या प्रजननक्षमतेवर परिणाम दिसल्याचाही उल्लेख आहे. ही वाक्ये खरी आहेत. पण पहिल्या तीन सूचना पोती फोडून भुकटी मिसळणाऱ्या कामगारासाठी आहेत. त्याने हातमोजे आणि चश्मा वापरावा, हे सांगायला त्या लिहिल्या. आमच्या प्रयोगशाळेत तीव्र अ‍ॅसेटिक आम्लाची बाटली असते. तिच्यावर त्वचा जाळणाऱ्या द्रवाचे चित्र आहे आणि ती उघडताना आम्ही तोंड बाजूला करतो. तेच आम्ल शेकडा चार-पाच प्रमाणात पाण्यात असले की त्याला आपण व्हिनेगर म्हणतो. पदार्थाच्या अंगी असलेला धोका आणि आपला त्याच्याशी प्रत्यक्ष येणारा संपर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रसायनशास्त्र शिकवताना हा फरक आपण किती वेळा सांगतो, याबद्दल आम्हाला शंकाच आहे.

काही अफवांचा निकाल दोन वाक्यांत लागतो. पूरकात वाळू घालतात, असे म्हटले गेले. ती सिलिका आहे आणि भुकटी मोकळी राहावी म्हणून खाण्याच्या कित्येक पदार्थांत ती असते. यामागे बिल गेट्स आहेत, असेही पसरले. त्यांनी पैसे गुंतवले ते असेच दुसरे पूरक बनवणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन कंपनीत.

नैसर्गिक असेल ते निर्धोक, ही समजूत मात्र इतकी सहज सुटत नाही. मिथेन कमी करणारे दुसरे नावाजलेले खाद्य म्हणजे ऑस्ट्रेलियात अभ्यासले गेलेले अ‍ॅस्परागॉप्सिस हे लाल समुद्रशैवाल. शैवाल म्हटल्यावर ग्राहकाला हायसे वाटते. परंतु मिथेन रोखणारा त्यातला मुख्य पदार्थ ब्रोमोफॉर्म आहे. पाण्यात क्लोरीन घातल्यावर जे नको असलेले उपपदार्थ तयार होतात त्यांतला हा एक, आणि पिण्याच्या पाण्यात त्याच्यावर मर्यादा घातलेली असते. नेदरलँड्समध्ये केलेल्या एका प्रयोगात शैवाल खाणाऱ्या गायींच्या दुधात काही वेळा तो आढळला. म्हणजे दुधात उतरण्याची शंका घ्यायचीच, तर ती कारखान्यातल्या रेणूपेक्षा समुद्रातल्या वनस्पतीबद्दल घेण्यास अधिक जागा आहे.

ग्राहकांच्या शंकेला किती वजन असते, हे न्यूझीलंडने आधीच अनुभवले आहे. तिथे कुरणांतून निघणारा नायट्रस ऑक्साइड आणि पाण्यात झिरपणारे नायट्रेट कमी करण्यासाठी डीसीडी हे रसायन फवारत असत. त्याचे सूक्ष्म अंश दुधाच्या भुकटीत सापडल्याचे २०१३ च्या जानेवारीत जाहीर झाले. आरोग्याला धोका नव्हता. पण दुधातल्या डीसीडीसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादाच ठरलेली नव्हती आणि परदेशी ग्राहक बिथरले. विक्री थांबवावी लागली आणि पर्यावरणाला उपयोगी पडणारा एक उपाय बाजूला पडला. मोजण्याची साधने सुधारली की काही ना काही सापडतेच. त्याचा अर्थ काय हे आधी सांगून ठेवलेले नसेल, तर नंतरचा खुलासा कोणी ऐकत नाही.

दुधाच्या पेल्याबद्दल आम्ही निश्चिंत आहोत. पण त्याने सगळे प्रश्न संपत नाहीत. पहिला प्रश्न गायीचा आहे. डेन्मार्कने २०२५ पासून ५० हून अधिक गायी असलेल्या पारंपरिक गोठ्यांना सक्ती केली, की खाद्यात चरबीचे प्रमाण वाढवा किंवा वर्षात किमान ८० दिवस हे पूरक द्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अनेकांनी एकदम सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत गायी खात नाहीत, दूध घटले, जुलाब होतात, काही कोसळल्या, अशा तक्रारी आल्या. तिथल्या सरकारने, गायींना त्रास होत असल्याचा संशय असेल तर पूरक थांबवण्याची मुभा असल्याचे स्पष्ट केले आणि चौकशी सुरू झाली. नॉर्वेतही सावधगिरी म्हणून वापर थांबवण्यात आला. संशोधनातल्या काही डझन गायी आणि प्रत्यक्षातले हजारो गोठे यांत अंतर असते. कुठे मिश्रण नीट होत नाही, कुठे चाऱ्याची प्रत वेगळी, कुठे गायी आधीच अशक्त. दोष पूरकाचा, मिश्रणाचा की त्याच वेळी आलेल्या दुसऱ्या आजाराचा, हे गोठ्यागणिक आकडे जमवूनच कळते. गोपालक म्हणतो म्हणून खरे नव्हे, तसेच कंपनी म्हणते म्हणून खोटेही नव्हे.

दुसरा प्रश्न पैशाचा आणि निवडीचा. मिथेनच्या रूपाने गायीच्या अन्नातली शेकडा सहाच्या आसपास ऊर्जा वाया जाते. ती वाचली तर दूध वाढावे, असे कोणालाही वाटेल. प्रयोगांत तशी लक्षणीय वाढ दिसलेली नाही. अडलेला हायड्रोजन काही अंशी तसाच ढेकरावाटे निघून जातो. म्हणजे खर्च गोपालकाचा, फायदा सगळ्या जगाचा आणि श्रेय दूध विकणाऱ्याचे. ब्रिटनमधल्या पुष्कळ ग्राहकांचे म्हणणे साधे होते: कोणते दूध कोणत्या गोठ्याचे, ते बाटलीवर लिहा, आम्ही ठरवू. अन्न सुरक्षित आहे म्हणून ते लिहिण्याची कायद्याने गरज नाही, हे उत्तर बरोबर असले तरी त्यातून विश्वास मिळत नाही.

आपल्याकडे २०१९ च्या पशुगणनेनुसार १९ कोटींहून अधिक गायी-बैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी आहेत. बहुतेक जनावरे दोन-चारच्या संख्येने घरोघर असतात, बांधावर चरतात, मिळेल तो कडबा खातात. दिवसभर घासाघासातून जाणारे पूरक इथे कसे द्यायचे? बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रिया संस्थेने २०२१ साली 'हरित धारा' हे पूरक पुढे आणले. ते टॅनिनयुक्त वनस्पतींपासून बनवतात, दिवसाला अर्धा किलो देतात आणि त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो, असे संस्थेने सांगितले आहे. टॅनिन म्हणजे हिरड्यात, चहात असणारा तुरट पदार्थ. तो ओळखीचा आहे, म्हणून त्याला कोणी घाबरणार नाही. पण अर्धा किलो पूरकातून गेलेल्या टॅनिनचे गायीच्या पोटात काय होते, त्यामुळे ती प्रथिने कमी पचवते का, दुधात काय उतरते, हे प्रश्न त्यालाही तितकेच लागू आहेत. वरच्या वर्गातल्या मुलांना हे प्रश्न द्यावेत. चाऱ्याचे आणि दुधाचे आकडे त्यांना शेजारच्या गोठ्यातच मिळतील.