काम दाखवावे, कसब वाटावे



वेरूळचे 10 क्रमांकाचे लेणे लोक 'सुताराची झोपडी' म्हणून ओळखतात. छताच्या कमानी लाकडी वाशांसारख्या दिसतात, पण त्या डोंगराच्या दगडातच कोरलेल्या आहेत. सुताराची रीत पाथरवटाने घेतली, म्हणून ती आजही पाहायला मिळते.

याच गावात आमच्या शिवणवर्गात आदिवासी भगिनी गोधड्या शिवतात. दर शनिवारी प्रत्येकीने आपले काम सतरंजीवर मांडायचे आणि तीन गोष्टी सांगायच्या: कापड कुठले, तास किती लागले, कुठे उसवावे लागले. सुरुवातीला काहीजणी काम झाकून ठेवत. नक्षी दुसरीने उचलली तर आपली गोधडी कोण घेणार? ही भीती पोटाची आहे, तिला हसू नये. म्हणून नियम केला: जिची नक्षी, तिला विचारूनच शिवायची, त्या नक्षीची पहिली मागणी तिचीच.

तास उघड झाल्यावर कोणाला किती कमी मोबदला मिळतो, हेही सगळ्यांना कळले. आता दर एकत्र ठरतो. एकीला गाठून भाव पाडणे व्यापाऱ्याला जड जाते.

दुर्कसने शिवलेले कपडे विधवांनी रडत पेत्राला दाखवले (प्रे. कृत्ये 9:39). बसालेलाला तर देवाने कसबासोबत शिकवण्याची बुद्धीही दिली (निर्गम 35:34). कसब हे दान आहे. ते वाटण्यासाठीच मिळते.

आपण जुन्या सुती साड्या पाठवा, घासाघीस न करता गोधडी घ्या आणि या भगिनींना प्रार्थनेत आठवा.