साठ ते पंच्याहत्तरच्या मधली थरथर

साताऱ्याहून कराडला निघालं की नागठाणे येईपर्यंत आईचा डोळा लागलेला असतो. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, उशाला घडी घातलेली शाल. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र ती जागी राहू लागली. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मामांकडे जाताना तिने मागूनच विचारलं, "अगं, माझ्या पायाखाली काहीतरी थरथरतंय. इंजिन का गं हे?"

गाडी मारुती ८००, २००३ सालची. वडिलांनी नवी घेतलेली, ते गेल्यावर माझ्याकडे आली. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि ही गाडी मोडीत काढायचा विचार माझ्या मनाला शिवत नाही. तीन सिलिंडरचं इंजिन असल्यामुळे सिग्नलला उभी असताना ती थोडी डुलतेच. तो तिचा मूळ स्वभाव आहे. पण आई म्हणत होती ती थरथर वेगळी होती. ताशी पंचावन्नच्या आसपास ती सुरू व्हायची, पासष्ट-सत्तरला जोर धरायची आणि ऐंशीच्या जवळ जाता जाता विरून जायची.

मी गाडी गॅरेजमध्ये नेली. "स्टिअरिंग वॉबल करतंय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "थोडं." त्यांनी व्हील अलाइनमेंट केलं, पुढच्या दोन चाकांचं बॅलन्सिंग केलं, दोन्ही टाय रॉड एंड बदलले. माणसं कामाला चोख होती. पुढच्या रविवारी आईच्या पायाखाली तेवढंच थरथरत होतं.

चूक माझ्या उत्तरात होती. "थोडं" या शब्दातून कारागिराला काहीच कळत नाही. डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" एवढंच सांगून गप्प बसण्यासारखं ते झालं. थरथर किती वेगाला सुरू होते, किती वेगाला थांबते, हाताला जाणवते की बुडाखाली, ब्रेक दाबल्यावर वाढते का, ॲक्सिलरेटर सोडल्यावर बदलते का, हे सगळं गाडी आपल्याला चालता चालता सांगत असते. ते ऐकणारा माणूस गॅरेजमध्ये नसतो, तो गाडीत बसलेला असतो. म्हणून दोष शोधायचं पहिलं काम गाडी चालवणाऱ्याचं आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

ठरावीक वेगालाच गाडी का थरथरते, हा प्रश्न वर्गात घालण्याजोगा आहे. माझ्या गाडीचं चाक बारा इंची. टायर धरून त्याचा घेर साधारण १.६ मीटर भरतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर; म्हणजे चाक सेकंदाला दहा-साडेदहा फेरे घेतं. ताशी ८० ला जवळपास चौदा. आता समजा रिमच्या कडेला एका जागी ३० ग्रॅम वजन जास्त आहे. तीस ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे. चाक फिरू लागलं की हे वजन बाहेर ओढ घेतं, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० ला ती एक किलो वजनापेक्षाही कमी असते, ६० ला दोन किलोच्या आसपास, ८० ला साडेतीन किलो. प्रत्येक फेऱ्याला एकदा वर, एकदा खाली.

मग ऐंशीला थरथर वाढायला हवी, कमी कशी होते? याचं उत्तर झोपाळ्यात आहे. झोपाळ्याला त्याच्या तालात हलका हात लावला तरी तो उंच जातो. ताल चुकवून कितीही जोरात ढकललं तरी तो धडपडत राहतो. चाक हे टायरचं रबर आणि गाडीची स्प्रिंग यांच्यामध्ये अडकलेलं एक वजन आहे, त्यालाही स्वतःचा ताल असतो. साध्या मोटारींमध्ये तो सेकंदाला साधारण दहा ते पंधरा हेलकाव्यांचा. माझं चाक नेमक्या त्याच टप्प्यात फिरत होतं. ताल जुळला की थोडा दोषही सगळी गाडी हलवतो आणि ताल सुटला की धक्के चालू असूनही आपल्याला कमी जाणवतात. म्हणून "ऐंशीच्या वर गेलं की सगळं ठीक होतं" असं म्हणून जे जोरात गाडी हाकतात, त्यांचा मला फार धसका वाटतो. दोष तिथेच असतो, आणि चाकाला त्या वेळी आणखी मोठे धक्के बसत असतात.

पुढच्या फेरीला मी आईच्या हातात वही दिली. मी वेग सांगायचा आणि तिने जाणवेल ते लिहायचं. तिने लिहिलं: "५० काही नाही. ५८ पाय. ६५ पाय, सीट, डबा वाजतो. ७२ तसंच. ७८ कमी." स्टिअरिंगवर माझ्या हाताला त्या वेळी फारच थोडं कळत होतं. हीच मोठी खूण होती. पुढच्या चाकांचा दोष बहुतेक वेळा स्टिअरिंगमधून हाताला कळतो. मागच्या चाकांचा सीटमधून, फरशीमधून, मागे बसलेल्या माणसाला आधी कळतो. आई पहिल्या दिवसापासून "पायाखाली" म्हणत होती आणि आम्ही पुढची चाकं दुरुस्त करत बसलो होतो.

इंजिनाचा संशय दूर करायला एक साधी चाचणी पुरते. रस्ता सरळ, मोकळा, मागेपुढे कोणी नाही अशी जागा बघून थरथरीच्या वेगाला क्लच दाबायचा आणि गिअर न्यूट्रलला आणायचा. इंजिन बंद मात्र करायचं नाही, ब्रेकला त्याची मदत लागते. इंजिनाचे फेरे उतरले तरी थरथर तशीच राहिली, तर दोष चाकांच्या बाजूला. लगेच थांबली, तर इंजिनाचे माउंटिंग किंवा पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे एक्सलचे जॉइंट बघायचे. फक्त ॲक्सिलरेटर दाबताना हादरत असेल तर आतल्या जॉइंटवर संशय धरावा. वळताना कटकट आवाज येत असेल तर बाहेरच्यावर. माझी थरथर न्यूट्रललाही जशीच्या तशी होती.

नंतरचं काम घराच्या अंगणात झालं. सर्वांत आधी नट. प्रत्येक चाकाला चार, सगळे पान्याने तपासले. हे आधी करायचं कारण एवढंच की बाकीचे दोष त्रास देतात, ढिले नट जीव घेतात. सगळे घट्ट होते. मग चाकांच्या आतल्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारला. पावसाळ्यात आम्ही कासला गेलो होतो; तिथली तांबडी माती रिमच्या आत चिकटून वाळली की अक्षरशः सिमेंट होते आणि एकाच जागी शे-पन्नास ग्रॅमचा गोळा सहज राहतो. बऱ्याच गाड्यांचं वॉबलिंग या धुण्यातच संपतं. माझ्या गाडीतून माती निघाली, थरथर गेली नाही.

मग मागचं डावं चाक. पुढच्या दोन्ही चाकांना मागेपुढे दगड लावले, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली, नट जमिनीवरच थोडे सैल केले आणि जॅक लावला. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, तो सोडल्याशिवाय चाक फिरत नाही. म्हणून दगड आणि गिअर यांच्यावर भिस्त. काढलेली स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवली. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर बसावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ते बघणंही मला सहन होत नाही.

नट पुन्हा आवळले आणि घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी चाक दोन हातांनी धरून हलवलं. इथे खटखट लागली तर मागच्या चाकात बेअरिंग बघायचं; पुढच्या चाकात बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. पुढच्या चाकाला नऊ आणि तीनच्या जागीही धरून बघतात, तिथे प्ले असेल तर संशय टाय रॉड एंडवर. माझं चाक गच्च होतं. हाताने फिरवलं तर घरघर नाही. मग एक वीट ठेवून तिच्यावर खडू टेकवला, टोक रिमच्या कडेपासून केसभर दूर. चाक सावकाश फिरवलं. खड्ड्यात आपटून वाकलेलं रिम असेल तर एका जागी ते खडूला घासतं आणि दुसऱ्या जागी फट पडते. रिम सरळ निघालं. तोच खडू वर सरकवून टायरच्या नक्षीजवळ आणला. तीन चतुर्थांश फेरा स्वच्छ गेला, आणि मग टायरने खडू ढकलून विटेवरून खाली पाडला.

त्या जागी तळवा फिरवला. नक्षीखाली एक उंचवटा होता, हाताच्या अंगठ्याएवढा रुंद. नजरेला दिसत नव्हता, हाताला कळत होता.

इथे बॅलन्सिंगविषयीचा एक मोठा गैरसमज सांगायला हवा. बॅलन्सिंगचं मशीन चाकाचं वजन सगळीकडे सारखं वाटलं गेलं आहे की नाही एवढंच बघतं. कुठे कमी पडतं ते ग्रॅममध्ये दाखवतं, कारागीर तिथे वजनाची पट्टी लावतो, आकडा शून्यावर येतो. पण चाक गोल आहे की नाही हे त्या शून्यातून कळत नाही. टायरला एका जागी टेंगूळ असेल तर समोरच्या बाजूला वजन लावून मशीनला शून्य दाखवता येतं. रस्त्यावर मात्र दर फेऱ्याला ते टेंगूळ डांबराला धक्का देतच राहतं. आणि अलाइनमेंट तर आणखी वेगळी गोष्ट. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतं. ठरावीक वेगाची थरथर तिच्यामुळे येत नाही. दोन्ही कामं एकाच दुकानात, एकाच पावतीवर होतात, म्हणून ती एकच वाटतात.

खात्री करायला मी त्या चाकाच्या जागी स्टेपनी चढवली. हबच्या तोंडावर गंज साचला होता, तो तारेच्या ब्रशने घासून काढला, कारण मध्ये गंजाची खपली राहिली तर चाक तिरकं बसतं आणि नवीनच दुखणं सुरू होतं. नट समोरासमोरचे असे आलटून-पालटून आवळले. नागठाण्यापर्यंत जाऊन आले. पासष्टला काही नाही. सत्तरला काही नाही. ज्यांच्याकडे धड स्टेपनी नाही त्यांनी मागचं आणि पुढचं चाक अदलाबदल करून बघावं. थरथर पायाखालून स्टिअरिंगमध्ये आली की चोर सापडला.

टायरवाल्याने टायर खोललं. ट्यूब काढली तसा आत तळहाताएवढा गेटर दिसला. टायरला मोठी चीर पडली की आतून जुन्या टायरचा तुकडा लावतात, तो. "मॅडम, गेटरच्या बाजूचे धागे तुटलेत. हवा भरली की इथं फुगतंय," तो म्हणाला. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार आकड्यांकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं: ०९१४. २०१४ सालच्या नवव्या आठवड्यात तयार झालेलं टायर. नक्षी भरपूर शिल्लक होती, कारण ही गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर पडते, आणि तेवढ्यावरच मी निर्धास्त होते. पण रबर चालून झिजतं तसं नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. जुन्या, कमी चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी नक्षीच्या खोलीआधी हे चार आकडे वाचावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते टायर हमरस्त्यावर फुटलं असतं तर त्याच्याच वर आई बसलेली होती.

घरी आल्यावर डॅशबोर्डच्या कप्प्यातली वडिलांची वही काढली. तारीख, किलोमीटर, काम, असे तीन रकाने. २०१७ च्या जूनमधली एक ओळ: "मागचे डावे, कट गेला, गेटर टाकला. बदलणे." शेवटच्या शब्दाखाली रेघ होती.

मागची दोन्ही टायर नवी घातली, चारही चाकं बॅलन्स करून घेतली. मोठी थरथर गेल्यावर तिच्याखाली दबलेली एक बारीक थरथर आता कळू लागली आहे. तासवड्याच्या टोलनाक्याला वेग उतरवताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हलकं शहारतं, पाय काढला की थांबतं. ब्रेक दाबल्यावरच येणारी थरथर आणि तीही हाताला, म्हणजे पुढच्या ब्रेकच्या डिस्क. बोलताना आपण "डिस्क वाकली" म्हणतो. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी एका जागी कमी, एका जागी जास्त झालेली असते आणि पॅड त्या चढउतारावरून घसरत जातात. लेथवर घासून ती सपाट करता येते, पण डिस्कची किमान जाडी ठरलेली असते. घासून त्याच्या खाली जाणार असेल तर नवीच घ्यावी लागते. पुढच्या शनिवारी मोजून घ्यायची आहे. वडिलांच्या वहीत, रेघ मारलेल्या ओळीपासून बरीच पानं पुढे, मी लिहून ठेवलं आहे: "पुढच्या डिस्क. फक्त ब्रेकला. ६० वरून उतरताना."