उंबरठ्यापलीकडचे जग

बदलीच्या निमित्ताने कुंभकोणमला आलो आणि भाड्याच्या जुन्या घरात एक मांजरीचे पिल्लूही वाट्याला आले. कावेरी व अरसलार या नद्यांच्या मधोमध वसलेल्या या नगरातील जुन्या घरांना रस्त्याकडे ओटा आणि आत उघडा चौक असतो. दार उघडले की पिल्लू ओट्याकडे धाव घेई.

“जाऊ द्या हो, मांजराची जातच हिंडणारी,” सौभाग्यवती म्हणाल्या. मला मात्र रस्त्यावरील दुचाक्या आणि भटकी कुत्री दिसत होती. शेजाऱ्यांचे मांजर आदल्याच महिन्यात लॉरीखाली सापडले होते.

पशुवैद्यांनी क्रम आखून दिला. इतर लसींचा आरंभ ८ व्या आठवड्याच्या सुमारास, रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर, पुढे वर्षाने पुन्हा. नसबंदी पाचव्या महिन्याच्या आसपास. तोवर बाहेर सोडू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस असो वा प्राणी, वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून ही लस घरातील सर्वांसाठीच असते.

सहा महिने सरले. आम्ही मधला मार्ग काढला. चौकावर जाळी बसवली. ऊन, पाऊस, चिमण्या तिला तेथूनच दिसू लागल्या. संध्याकाळच्या जेवणापूर्वी, भुकेल्या पोटी, पंधरा मिनिटे परसात आमच्या देखत मोकळीक. वाटी वाजली की ती परतते. रस्त्याचे दार मात्र बंदच.

जोखीम शून्य होत नसते, हे आम्हा बँकवाल्यांना ठाऊक असते. ती किती पत्करायची, हे ठरवणे आपल्या हाती असते, पिल्लाच्या नव्हे.