सोफ्याखालचा उबुंटू

डिसेंबर २०१७च्या अखेरीस जर्मनीतल्या लाइपझिग शहरात केऑस कम्प्युटर क्लबची चौतिसावी परिषद भरली होती. नाताळ उरकला की नववर्षाच्या आधीच्या चार दिवसांत जगभरचे हॅकर या परिषदेला जमतात. त्या वर्षी डेनिस गीझे आणि डॅनियल वेगेमर हे दोन संशोधक व्यासपीठावर आले, ते केर काढणाऱ्या यंत्राची कुंडली मांडायला. यंत्र होते शाओमीचा पहिला रोबो व्हॅक्यूम क्लीनर. तो २०१६मध्ये चीनमध्ये बाजारात आला आणि किमतीच्या मानाने हुशार म्हणून लवकरच युरोपातही पोहोचला.

वरून पाहिले तर पांढरी गोल तबकडी, तिच्यावर एक उंचवटा. त्या उंचवट्यात लेझरने अंतर मोजणारा लायडार सेकंदाला पाच गिरक्या घेतो आणि भिंती, टेबलाचे पाय, दाराच्या चौकटी टिपत जातो. आत चार गाभ्यांचा ऑलविनर आर१६ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि ४ जीबी साठवण आहे. चाके, ब्रश आणि धडक ओळखणारे सेन्सर सांभाळायला वेगळा छोटा मायक्रोकंट्रोलर आहे. प्रोसेसरवर चालत होते उबुंटू १४.०४, म्हणजे त्या काळी कितीतरी कॉलेजांच्या लॅबमध्ये असलेले लिनक्स. दिशा शोधण्याच्या कामात विद्यापीठांतल्या रोबोटिक्स प्रयोगशाळांतून आलेल्या ‘प्लेयर’ या मुक्त सॉफ्टवेअरची मदत घेतलेली होती.

एवढा संगणक घरात असताना त्याला ‘चल, केर काढ’ हे सांगायला इंटरनेट कशाला लागते? दोघांच्या कामाचा खरा विषय हाच होता.

सोफ्यावर बसून मोबाइलवरचे बटण दाबले की आज्ञा शेजारच्या रोबोकडे थेट जाईलच असे नाही. ती राउटरमधून बाहेर पडते, कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचते, तिथून त्याच राउटरमधून घरात परत येते आणि मग चाके फिरू लागतात. हा द्राविडी प्राणायाम अगदीच बिनकामाचा नाही. घरातल्या उपकरणांना इंटरनेटवर स्वतःचा पत्ता सहसा नसतो. राउटरच्या आड ती लपलेली असतात आणि बाहेरून त्यांना कोणी हाक मारू शकत नाही. म्हणून रोबो स्वतःच सर्व्हरला हाक मारतो आणि ती जोडणी चालू ठेवतो. थोड्याथोड्या वेळाने ‘मी आहे’ असा निरोपही पाठवत राहतो. मालक ऑफिसात असेल तेव्हा त्याची आज्ञा याच उघड्या वाटेने घरी येते. इथवर कंपन्यांचे म्हणणे रास्त आहे. पण मालक घरातच असतानाही तीच वाट घ्यायला लावली जाते, तिथे तंत्राची गरज संपते आणि धंद्याची सोय सुरू होते.

शाओमीच्या रोबोला घरातल्या घरात बोलण्याची एक भाषाही येत होती. तिची उकल लाइपझिगच्या आधीच काही हौशी प्रोग्रामरांनी बरीचशी केली होती. रोबो यूडीपीच्या ५४३२१ क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसतो. त्याच्याशी होणाऱ्या प्रत्येक पाकिटाचे पहिले दोन बाइट ठरलेले, हेक्साडेसिमलमध्ये २१ आणि ३१. मागोमाग लांबी, उपकरणाचा क्रमांक, वेळेचा शिक्का, १६ बाइटांची पडताळणी-खूण आणि शेवटी एईएसने कुलूपबंद केलेला मजकूर. कुलूप उघडले की आत साधा, वाचता येण्याजोगा जेसॉन मजकूर निघतो. त्यातल्या आज्ञाही सरळ आहेत : ‘अ‍ॅप स्टार्ट’ म्हटले की सफाई सुरू, ‘अ‍ॅप चार्ज’ म्हटले की चार्जिंगच्या गोदीकडे परत, ‘फाइंड मी’ म्हटले की पलंगाखालून रोबो आवाज देतो.

कुलपाची किल्ली १६ बाइटांच्या एका टोकनमधून तयार होते, आणि हे टोकन प्रत्येक रोबोचे वेगळे. मेख अशी की नवा किंवा रीसेट केलेला रोबो स्वतःचे उघडे वाय-फाय सुरू करतो, आणि त्या अवस्थेत त्याला ३२ बाइटांचा ठरलेला नमस्कार पाठवला की तो उत्तरात टोकन देऊन टाकतो. घरच्या वाय-फायशी एकदा जोडला गेला की मग मात्र तोंड बंद. मालकाच्या दृष्टीने ही सोय आहे. पण त्या पहिल्या काही मिनिटांत वाय-फायच्या टप्प्यात असलेल्या कोणालाही ती तितकीच उपलब्ध आहे.

इंटरनेटवरचे संभाषण एवढ्याने उलगडत नव्हते. सर्व्हरशी बोलताना रोबो कारखान्यातच आत लिहिलेली, त्याची एकट्याची वेगळी किल्ली वापरतो. शाओमीला श्रेय द्यायचे तर इथे द्यायला हवे : तारेवर कान लावून बसलेल्याच्या हाती नुसता खिचडा लागतो. तेव्हा यंत्राच्या पोटात शिरणे भाग होते.

शिरण्यासाठी त्यांनी वापरली स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल. प्रोसेसरच्या जोडण्या चिपच्या पोटाखाली असतात, तिथे सोल्डरिंगची सुई पोहोचत नाही. दोघांनी फॉइलची बारीक पट्टी चिप आणि बोर्ड यांच्या फटीत सरकवली आणि साठवणीकडे जाणाऱ्या डेटाच्या रेषा शॉर्ट केल्या. सुरू होताना प्रोसेसरला साठवण सापडेना. अशा वेळी ऑलविनरच्या चिपा ‘फेल’ नावाच्या अवस्थेत जातात आणि यूएसबीवरून कोणी काही सांगेल का, याची वाट पाहतात. मग यूएसबीवरूनच एक छोटा प्रोग्राम रॅममध्ये चढवून अख्खी साठवण उतरवून घेता आली. दुरून लॉग-इन करू देणारा एसएसएचचा सर्व्हर तिथे आधीपासूनच चालू होता, फक्त फायरवॉलच्या नियमाने त्याचे दार लावलेले होते. रूटचा पासवर्ड बदलला, नियम काढला, प्रत परत लिहिली. त्यानंतर रोबोत शिरणे एखाद्या सर्व्हरमध्ये शिरण्याइतके सोपे झाले.

आत जे दिसले त्यात बहुतेक चांगली कारागिरी होती, आणि काही चक्रावून टाकणारा गलथानपणाही. नेटवर्कवरचे संभाषण टिपणारे ‘टीसीपीडम्प’ हे साधन विक्रीच्या यंत्रात तसेच राहिले होते. लॉगमध्ये सफाईचा वेळ, क्षेत्रफळ, वाय-फायचे नाव आणि पासवर्डसुद्धा. घराचे नकाशे १०२४ बाय १०२४ बिंदूंचे, एक बिंदू म्हणजे पाच सेंटिमीटर. जवळपास ५१ मीटर लांब-रुंद जागा त्यात मावते, मुंबईतल्या दोन खोल्यांचा तर प्रश्नच नाही. लॉग आणि नकाशे सर्व्हरकडेही रवाना होत. सगळ्यात गंभीर बाब म्हणजे ‘फॅक्टरी रीसेट’ केल्यावर प्रणाली मूळपदावर येई, पण नकाशे आणि लॉग जिथल्या तिथेच राहत. जुना रोबो विकणारा आपल्या घराचा आराखडाही त्याच किमतीत देऊन टाकत होता.

अपडेटची गोष्ट त्याहून मासलेवाईक. फर्मवेअरची फाइल सांकेतिक केलेली होती खरी, पण त्या मॉडेलच्या सगळ्या रोबोंसाठी पासवर्ड एकच : ‘रॉकरोबो’. शाओमीसाठी हा रोबो बनवणाऱ्या कंपनीचेच नाव. आणि टोकन हाती असेल तर घरच्या नेटवर्कवरूनही ‘अमुक पत्त्यावरून नवे फर्मवेअर घे’ अशी आज्ञा देता येत होती. म्हणजे दुसऱ्या खेपेपासून फॉइलही नको आणि स्क्रू-ड्रायव्हरही नको. आपली एसएसएच किल्ली घातलेले फर्मवेअर तयार करायचे आणि वाय-फायवरून रोबोच्या गळी उतरवायचे. पुढच्या मॉडेलांत ही दारे एकेक करून बंद होत गेली.

किल्ल्या हाती आल्यावर गीझे आणि वेगेमर यांनी ‘डस्टक्लाउड’ हा मधला दुभाषा लिहिला. रोबो त्यालाच शाओमीचा सर्व्हर समजतो, खरा सर्व्हर त्याला रोबो समजतो, आणि दोघांतला शब्दन्‌शब्द मालकाला वाचता येतो, हवा तर अडवता येतो. पुढची पायरी म्हणजे सर्व्हरच घरात आणणे. ती चढला झ्योरेन बाये हा जर्मन प्रोग्रामर. २०१८पासून तो विकसित करत असलेले ‘व्हॅलेट्यूडो’ हे मुक्त सॉफ्टवेअर रोबोच्याच प्रोसेसरवर चालते.

पहिल्या रोबोवरची त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. शाओमीच्या सर्व्हरच्या नावापुढे २०३.०.११३.१ हा पत्ता लिहून ठेवायचा. तांत्रिक पुस्तकांत उदाहरण देण्यासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी हा एक, प्रत्यक्ष इंटरनेटवर तिथे कोणी राहत नाही. मग रोबोतल्याच फायरवॉलला सांगायचे की या पत्त्याकडे निघालेले प्रत्येक पाकीट इथल्या इथे वळव. रोबो दूरच्या सर्व्हरला हाक मारतो आणि उत्तर त्याच्याच पोटातून येते. सफाई, नकाशा, वेळापत्रक सगळे ब्राउझरमध्ये दिसते. बायेचा स्वभावही लक्षात राहण्याजोगा. ‘व्हॅलेट्यूडो का घेऊ नये’ हे समजावणारे स्वतंत्र पान त्याने प्रकल्पाच्या माहितीत ठेवले आहे. सगळ्यांना खूश करायला निघालेल्या सॉफ्टवेअरच्या जमान्यात हा फटकळपणा बरा वाटतो.

हा सारा खटाटोप हौसेचा म्हणून सोडून देता येत नाही, याला पुढच्या घटना कारण आहेत. नीटो ही अमेरिकी रोबो कंपनी २०२३मध्ये बंद झाली आणि २०२५मध्ये तिचा सर्व्हरही बंद करण्यात आला. ग्राहकांचे रोबो धडधाकट होते, पण मोबाइलवरून हुकूम घेण्यापुरते ते मुके झाले. इकोव्हॅक्सच्या एक्स२ या कॅमेरा आणि स्पीकर असलेल्या रोबोची कथा वेगळी. कॅमेऱ्याला पिनचे कुलूप होते, मात्र पिन बरोबर की चूक हे ठरवत होते मोबाइलवरचे अ‍ॅप. गीझे आणि त्याच्या सहकारी संशोधकाने डिसेंबर २०२३मध्ये हे जाहीर सांगितले. मे २०२४मध्ये अमेरिकेतल्या काही शहरांत अनोळखी लोकांनी अशा रोबोंचा ताबा घेतला आणि स्पीकरवरून घरच्यांना वर्णद्वेषी शिव्या ऐकवल्या.

भारतात असा अभ्यास करणाऱ्याला कायद्याचा काही आधार आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये १९९९च्या दुरुस्तीने भर पडली. कायदेशीरपणे हाती आलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवणे आणि प्रोग्रामचे काम पाहून त्यामागचे तत्त्व अभ्यासणे हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ मात्र परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याला मनाई करते, आणि कंपनीचा सर्व्हर हा दुसऱ्याचाच संगणक. आपला रोबो उघडा, शेजाऱ्याचा नको.

ज्यांना एवढ्या खोलात जायचे नाही त्यांनी दोन गोष्टी जरूर कराव्यात. रोबो घेण्याआधी दुकानदाराला राउटरचे इंटरनेट काढायला सांगून तो सफाई करतो का आणि नकाशा दाखवतो का, हे डोळ्यांनी पाहावे. आणि जुना रोबो विकायचा असेल तर आधी तो अ‍ॅपमधल्या आपल्या खात्यातून काढावा, नकाशे हाताने पुसावेत, घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदलावा. केवळ रीसेटच्या बटणावर विसंबू नये.