एक स्कॅन, दोन वाचक

सकाळी 8.30. सारकॉइडोसिस, म्हणजे फुप्फुसात बारीक गाठी करणारा आजार. त्याचे एचआरसीटी, म्हणजे छातीचे पातळ कापांचे सीटी स्कॅन, आम्ही दिवसाच्या सुरुवातीलाच वाचतो. अपघाताचे, पोटदुखीचे स्कॅन सुरू झाले की असं बारीक वाचन होत नाही. माझा सहकारी तेच स्कॅन पलीकडच्या खोलीत वाचतो. दोघांची मतं लिहून होईपर्यंत एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही, हा नियम.

9 वाजता. पहिला स्कॅन सोपा. श्वासनलिकांच्या कडेने बारीक गाठी, फुप्फुसाच्या खंडांमधल्या फिशरवर मण्यांसारख्या ओवलेल्या, फुप्फुसाच्या आवरणालगतही तशाच. म्हणजे लसिकावाहिन्या जिथून जातात तिथेच. या पेरिलिम्फॅटिक मांडणीवर सहसा दुमत होत नाही. तरी आपल्याकडे टीबीचा प्रश्न आधी येतो. ट्री-इन-बड (कळ्या धरलेल्या फांदीसारखी नक्षी) किंवा मधोमध सडलेल्या लिम्फ ग्रंथी दिसल्या, तर सारकॉइड हा शब्द लिहिण्याआधी मी थांबते.

10.15. दुसऱ्या स्कॅनवर बराच वेळ गेला. वरचा भाग आकसलेला, श्वासनलिका ओढल्या गेलेल्या, त्यातच गाठी आणि ग्राउंड ग्लास, म्हणजे धुरकट काचेसारखा भाग. याला फायब्रोटिक, म्हणजे व्रण पडलेलं, म्हणायचं का, आणि व्रण किती? हा आकडा साधा नाही. 2014 मध्ये लंडनच्या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत फायब्रोसिस 20 टक्क्यांहून जास्त असणं धोक्याची खूण ठरलं. पण हे टक्के नजरेनेच ठरवायचे. मी लिहिलं 15. सहकाऱ्याने लिहिलं 25. एकच फुप्फुस रेषेच्या दोन बाजूंना गेलं. गाठी औषधाने विरू शकतात, व्रण विरत नाही. म्हणून या फरकावर उपचाराची दिशा हलते.

दुपारी 12.30. जुळणी. नुसती सहमतीची टक्केवारी फसवते, हे मी प्रत्येक नव्या रेसिडेंटला कागदावर करून दाखवते. समजा, 100 स्कॅनपैकी प्रत्येकाने आपापल्या 80 ना 'फायब्रोसिस नाही' म्हटलं. डोळे मिटून असंच वाटप केलं, तरी 68 वेळा दोघांचं जुळेल. म्हणून प्रत्यक्षात 84 जुळले, तर त्याचा कॅपा 0.5 येतो, म्हणजे मध्यम. कोहेन यांनी 1960 मध्ये दिलेलं हे माप योगायोगाचा वाटा वजा करतं.

2.30. छातीरोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्यासोबत बैठक. फाइलवर अजूनही स्कॅडिंग यांची 1961 ची, साध्या एक्स-रेवरची 'स्टेज 4' लिहिलेली असते. या एका शिक्क्याखाली मधमाशीच्या पोळ्यासारखं झालेलं फुप्फुस आणि नुसती वाकलेली श्वासनलिका, दोन्ही मावतात. सीटीवरून ठरवलेले आजाराचे प्रकार त्याहून नेमके आहेत, पण मिश्र चित्रात दोन जाणकारही वेगळं नाव देतात. म्हणून सकाळच्या दुसऱ्या स्कॅनच्या रिपोर्टात आम्ही प्रकाराच्या नावासोबत गाठी कुठे, व्रण कुठे, अंदाज 15 ते 25 टक्के, असं सगळं लिहिलं. मतभेद दडवला तर उपचार करणाऱ्याला खोटा भरवसा मिळतो.

4 वाजता. तो दुसरा स्कॅन ज्या बाईंचा, त्यांचे भाऊ दोन वर्षांपूर्वीच्या सीटीचा कागदी रिपोर्ट घेऊन आले. त्यात 'फायब्रोसिस' एवढाच शब्द. व्रण वाढला की नाही, हे त्यावरून कळणार नाही. दोन्ही वेळचे काप शेजारी लावले, तरच कळेल. तेव्हा सारकॉइडोसिसच्या प्रत्येक रुग्णाला विनंती: रिपोर्टच्या कागदाबरोबर स्कॅनची सीडीही मागून घ्या, जपून ठेवा आणि पुढच्या तपासणीला सोबत आणा.