ए गट आणि पोटाचा कॅन्सर

किन्हवली गावात रक्तदान शिबिर झालं की हातात कार्ड येतं आणि सगळे एकमेकांचे गट विचारत सुटतात. पण रक्तगटाची खूण नुसती रक्तात नसते, बहुतेकांच्या जठराच्या अस्तरावरही असते!

१९५३ साली इंग्लंडात संशोधक एअर्ड आणि सहकाऱ्यांना दिसलं, की जठराच्या कॅन्सरच्या रुग्णांत ए गटवाले जरा जास्तच आहेत. २०१० मध्ये स्वीडन-डेन्मार्कच्या दहा लाखांवर रक्तदात्यांच्या नोंदींतूनही तेच निघालं: ओपेक्षा ए गटाला धोका सुमारे २० टक्के जास्त. ओवाल्यांनी पेढे वाटू नयेत, अल्सर त्यांच्याकडे जास्त.

२० टक्के ऐकून घाबरू नका. समजा ओ गटात हजारात १० जणांना होत असेल, तर ए गटात १२ जणांना. बस्स.

खरा आरोपी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. तो औषधांच्या कोर्सने जातो. रक्तगट काही बदलत नाही. तंबाखू आणि रोजचं खारवलेलं खाणंही धोका वाढवतं. (सुकट पावसाळ्यात चालेल हो, बारा महिने नको!)

शौचाला डांबरासारखं काळं होतंय, वजन विनाकारण उतरतंय? गट कुठलाही असो, डॉक्टर गाठा आणि दुर्बिणीच्या तपासणीचं विचारा.